मित्र परदेशात इमिग्रेशनच्या कोठडीत अडकलाय, बडोद्यात बसून काय करता येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा एक शाळेपासूनचा मित्र अमेरिकेत साडेचार महिने इमिग्रेशनच्या कोठडीत होता. बडोद्यात आम्ही चार मित्र आणि त्याची आई, एवढीच फौज. कोणी वकील नाही, कोणाचा मामा मंत्री नाही. तेव्हा जे ठेचकाळून शिकलो ते विचारायला आता दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतचे लोक येतात, म्हणून एकदाच लिहून काढतो. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस आहे, त्यामुळे कागदावर माझी श्रद्धा जरा जास्तच, हे आधीच सांगितलेलं बरं. बहुतेक उत्तरं अमेरिकेबद्दल आहेत, कारण आपल्याकडचे जास्त तिकडेच अडकतात. बाकी देशांचं शेवटाकडे आहे.

रात्री फोन आला, "त्याला उचललं." पहिल्यांदा काय करायचं?

वही घ्या. आम्हाला फोन आला तो रात्री सव्वानऊला, त्याच्या तेलुगू रूममेटचा. मी सेव उसळीची डिश हातात घेऊन लॉरीपाशी उभा होतो आणि पुढची दहा मिनिटं नुसतं "अरे पण का?" एवढंच विचारत राहिलो. का ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार! विचारायचं ते असं : किती वाजता नेलं, कुठल्या गावातून, घरातून की रस्त्यावरून, जाकिटावर कुठल्या खात्याचं नाव होतं, आधी पोलिसांनी पकडून मग इमिग्रेशनच्या ताब्यात दिलं की थेट त्यांनीच नेलं, मागे एखादा कागद ठेवला का, पासपोर्ट खिशात होता की खोलीतल्या खणात.

पोलिसांचं काय झालं हे विचारायचं कारण आहे. फौजदारी खटला असेल तर अमेरिकेत गरजूला सरकारी खर्चाने वकील मिळतो. नुसती इमिग्रेशनची केस तिथे दिवाणी धरतात आणि तिच्यात वकील ज्याचा त्याने करायचा असतो. दोन्ही एकदम चालू असतील तर वकिलाला पहिल्याच वाक्यात ते सांगा.

आणि बाहेरच्या जगाशी बोलणारा माणूस एकच ठरवा. पहिल्या दिवशी आमच्यातल्या तिघांनी कॉन्सुलेटला तीन ईमेल केले, तिन्हींत त्याच्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं.

त्याला कुठे ठेवलंय हे कसं शोधायचं?

अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याला सगळे 'आइस' म्हणतात. त्यांच्या संकेतस्थळावर डिटेनी लोकेटर नावाची सोय आहे, ती बडोद्यातूनही उघडते. शोध दोन प्रकारे घेता येतो. एक, ए-नंबर आणि जन्मदेश टाकून. ए-नंबर म्हणजे इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला क्रमांक. तो वर्क परमिटवर, ग्रीन कार्डावर किंवा खात्याच्या जुन्या नोटिशीवर असतो. तिथे नऊ आकडे लागतात, आठच असतील तर सुरुवातीला शून्य लावायचं. दोन, नाव आणि जन्मदेश टाकून, आणि इथेच आपली मराठी माणसं आपटतात.

नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. आता ज्या शहरात खुद्द गायकवाडांचं आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं, तिथे आपल्या स्पेलिंगचा काय भरवसा! त्यात आपल्या पासपोर्टात पहिलं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. आमच्या मित्राचं नाव आधी सापडेचना. मग काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, देव्हाऱ्याखालच्या खणातून त्याच्या जुन्या पासपोर्टाची झेरॉक्स काढली, कडेला कुंकवाचा डाग पडलेली. वडिलांच्या नावात आम्ही एक 'ए' जास्त घालत होतो. तो काढला आणि कोठडीच्या केंद्राचं नाव समोर आलं. जन्मदेशही नीट बघा. बडोद्यातली कितीतरी घरं केनिया-युगांडा करून आलेली आहेत आणि मुलगा मस्कतला जन्मलेला असला तर 'भारत' टाकून काही मिळत नाही.

सीमेवर पकडलेला माणूस पहिले ४८ तास या यादीत दिसत नाही. अठरा वर्षांखालची मुलं तर कधीच दिसत नाहीत. आणि एकदा सापडला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण न्यू जर्सीत पकडलेला माणूस दोन दिवसांनी टेक्सास किंवा लुइझियानात निघणं रोजचंच आहे. आम्ही रोज रात्री जेवणानंतर एकदा यादी तपासायचो. ए-नंबर मिळाला की इमिग्रेशन कोर्टाच्या स्वयंचलित माहिती सेवेवर पुढची तारीखही कळते, फोनवर आणि ऑनलाइन दोन्हीकडे. त्यासाठी वकील लागत नाही.

कोणाची ओळखाण लावली तर लवकर सुटतो का?

नळाचं कनेक्शन असो की बालवाडीचा प्रवेश, बडोद्यात तोंडातून पहिला शब्द निघतो तो 'ओळखाण'. आम्हीही लावली. तीन दिवस धावपळ करून एका लोकप्रतिनिधीचं पत्र मिळवलं, लेटरहेडवर, गोल शिक्क्यासकट. ते कॉन्सुलेटला पोचलं, त्यांनी सभ्यपणे पोच दिली आणि खाली एकच ओळ : कृपया पासपोर्ट क्रमांक कळवावा. तो आम्ही पहिल्याच दिवशी पाठवायला हवा होता.

अमेरिकेतला लोकप्रतिनिधी मात्र खात्याकडे चौकशी करू शकतो. मित्र ज्या भागात राहत होता तिथल्या काँग्रेस सदस्याच्या (काँग्रेस म्हणजे तिथली संसद) कार्यालयाला तिथे राहणाऱ्या कोणीतरी फोन करावा. माहिती उघड करायला हरकत नाही असा, मित्राच्या स्वतःच्या सहीचा फॉर्म लागतो. सुटका यातून होत नाही, पण हरवलेली फाइल सापडते, अडलेलं औषध मिळतं.

भारतीय दूतावास काय करतो?

१९६३च्या व्हिएन्ना करारातला अनुच्छेद ३६ यासाठी आहे. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे तो आपल्याकडे घरोघरी पोचला. १७ जुलै २०१९ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने तो मोडल्याचा निकाल दिला. ताब्यात घेतलेल्या परदेशी माणसाला 'तुझ्या वकिलातीला कळवायचं का?' हे विचारलं गेलं पाहिजे आणि त्याने हो म्हटलं तर विनाविलंब कळवलं गेलं पाहिजे. काही देशांच्या नागरिकांबाबत अमेरिका न विचारताच कळवते, तशा करारांत भारत नाही. म्हणजे आपल्या माणसाने तोंड उघडून 'माझ्या कॉन्सुलेटला कळवा' म्हणायला हवं. पहिला फोन येईल तेव्हा हे वाक्य त्याला सांगा.

अधिकारी त्याला भेटू शकतात, तब्येतीची चौकशी करतात, वकिलांची नावं देतात, पासपोर्ट नसेल तर परतीचा कागद देतात. न्यायाधीशाला 'सोडा' म्हणायचा अधिकार त्यांना नाही. ज्या राज्यात कोठडी आहे त्याच राज्याच्या कॉन्सुलेटला लिहा. टेक्सास आणि लुइझियाना ह्यूस्टनकडे येतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही नोंद करा. ते २०१५पासून आहे, तक्रारीला क्रमांक मिळतो आणि पुढच्या प्रत्येक ईमेलच्या वर तो क्रमांक घालता येतो. जानेवारी २०१९मध्ये मिशिगनमधल्या फार्मिंग्टन नावाच्या बनावट विद्यापीठाच्या सापळ्यात १२९ भारतीय विद्यार्थी पकडले गेले, तेव्हा वॉशिंग्टनच्या दूतावासाने चोवीस तासांची हेल्पलाइन काढली होती. एकट्यादुकट्यासाठी हेल्पलाइन निघत नाही, तिथे आठवड्याला एक शांत, क्रमांकासहित स्मरणपत्र लागतं.

एक सावधगिरी. मित्राने भारतात जिवाला धोका आहे असं सांगून आश्रय मागितला असेल, तर कॉन्सुलेटला परस्पर कळवू नका. कळवायचं की नाही हे त्याने आणि त्याच्या वकिलाने ठरवायचं. घरच्यांनीही नाही.

त्याच्यापुढे कागद ठेवलेत आणि सही कर म्हणतात. काय सांगू?

'वकिलाशी बोलल्याशिवाय सही करणार नाही.' हे वाक्य त्याने इंग्रजीत पाठ करावं आणि नम्रपणे पुन्हा पुन्हा म्हणावं. त्या कागदांत कधी सुनावणीचा हक्क सोडून देशाबाहेर जायची संमती असते. माणूस थकलेला असतो, थंडी वाजत असते, आणि सही केली की घरी जायला मिळेल एवढंच त्याच्या डोक्यात राहतं. कागदाची प्रत मागणं हा त्याचा हक्क आहे. कोर्टात हजर राहण्याची नोटीस, जिला तिथे एनटीए म्हणतात, ती मिळाली असेल तर फोनवर ती हळूहळू वाचून घ्या. कुठल्या आरोपाखाली धरलंय, ए-नंबर काय, न्यायालय कुठलं, सगळं त्यातच असतं. आमच्या वहीत ती नोटीस तीन फोनमध्ये मिळून उतरली, कारण दर वेळी मध्येच वेळ संपायची.

वकील कसा शोधायचा आणि खरा आहे हे कसं ओळखायचं?

अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर गावानुसार वकील शोधता येतात. तिच्या नावाचं लघुरूप तिकडे 'आयला' असं उच्चारतात. "आयलामध्ये चौकशी केलीय," असं मी म्हटल्यावर काकू त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. फी परवडत नसेल तर इमिग्रेशन कोर्टच मोफत किंवा कमी फीत काम करणाऱ्या संस्थांची, राज्यवार यादी देतं.

इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्यामुळे कुठल्याही एका राज्याची सनद असलेला वकील कुठेही केस चालवू शकतो. पण कोठडीतल्या माणसांचं काम केलेला वकील बघा. एच-वनचे, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचे, अर्ज भरण्यात आयुष्य गेलेल्या वकिलाला हे जमेलच असं नाही. सनद त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांच्या परिषदेच्या, संकेतस्थळावर नाव टाकून तपासा. मग विचारा : जी-२८ फॉर्म कधी दाखल करणार? तो दाखल होईपर्यंत खातं त्याला त्याचा वकील म्हणून ओळखत नाही. आणि बाँडची (जामिनाची) सुनावणी, मुख्य केस, अपील, या तिन्हींच्या फीत काय काय येतं ते लेखी घ्या. आम्ही घेतलं नव्हतं. अपिलाच्या वेळी नवा आकडा आला आणि मग चिडूनही उपयोग नव्हता.

'कन्सल्टंट' म्हणवणाऱ्यांपासून लांब राहा. इंग्लंडमध्ये सल्लागाराची नोंदणी इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे असावी लागते, कॅनडात सल्लागारांचं स्वतंत्र परवाना मंडळ आहे. बडोद्यातल्या ज्या एजंटने पाठवलं, तोच आता 'सोडवून आणतो' म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पैसे देऊ नका.

बाँड म्हणजे जामीनच ना? किती लागतो?

साधारण तसंच. कायद्याने किमान १,५०० डॉलर, प्रत्यक्षात न्यायाधीश बहुतेकदा त्याहून बरेच जास्त ठरवतात. ते दोन गोष्टी बघतात : हा पळून जाईल का, आणि बाहेर राहिला तर कोणाला धोका आहे का. रक्कम पूर्ण भरावी लागते, ती भरणारा अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य असलेला माणूस लागतो, आणि मित्र प्रत्येक तारखेला हजर राहिला तर केस संपल्यावर ती त्या भरणाऱ्याला व्याजासकट परत मिळते. म्हणजे पैसे बडोद्याच्या मित्रमंडळाने जमवले तरी परतावा न्यू जर्सीच्या चुलतभावाच्या नावावर येणार. हा हिशेब आधीच चार जणांत कागदावर लिहून ठेवा. मैत्री तुटायला कोठडी लागत नाही, असा परतावा पुरतो.

२०२५पासून हे सगळं फार कडक झालंय. तपासणीशिवाय सीमा ओलांडून आलेल्यांना बाँड देण्याचा अधिकारच आपल्याला नाही, असं इमिग्रेशन न्यायाधीश सांगू लागले. सप्टेंबर २०२५मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने तसा निर्णयच दिला. तेव्हापासून वकील केंद्रीय न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोठडी बेकायदा आहे असं सांगणारा, अर्ज करतात आणि अनेक न्यायाधीशांनी सुनावणी घ्यायचे आदेश दिले आहेत. हा अर्ज माणूस ज्या भागात कोंडलेला असेल तिथल्याच न्यायालयात करावा लागतो. म्हणून तो कुठे आहे हे त्या दिवसाचं, त्या तासाचं ठाऊक असणं महत्त्वाचं. वर रोज यादी तपासा म्हटलं ते एवढ्यासाठी.

व्हिसावर रीतसर आत गेलेल्याची गोष्ट वेगळी असते. तो कसा शिरला, हा वकिलाचा पहिला प्रश्न असेल. लाजून खोटं सांगू नका.

इथून आम्ही कोणती कागदपत्रं जमवावीत?

आपल्याला खऱ्या अर्थाने करता येण्यासारखं काम हेच. बाकी सगळं अमेरिकेतल्या लोकांच्या हातात असतं.

पासपोर्टची सगळी पानं, कोरीसुद्धा. व्हिसा. आय-९४ म्हणजे देशात शिरल्याची नोंद, जी ऑनलाइन काढता येते. विद्यार्थी असेल तर आय-२०, म्हणजे कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद. घरभाड्याचा करार, पगाराच्या स्लिपा, कर भरल्याचे कागद हे रूममेटकडून मागवा. जन्मदाखला सेवासदनाचा, म्हणजे बडोद्याच्या महापालिकेचा, असेल तर तो गुजरातीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि खाली भाषांतरकाराने 'मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर अचूक आहे' असं लिहून सही करायची असते. आमचं भाषांतर युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी केलं. त्यांनी एकच शंका काढली : जुन्या दाखल्यावर 'बरोडा', पासपोर्टवर 'वडोदरा', परक्या न्यायाधीशाला ही दोन गावं वाटणार. खरंच होतं. शहराचं अधिकृत नाव १९७४ साली बदललं अशी एक ओळ त्यांनी तळटीप म्हणून घातली आणि वकिलाने त्या ओळीबद्दल खास आभार मानले.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजी पत्र घ्या. औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहायला सांगा. आपल्या ब्रँडची नावं तिकडे कोणाला कळत नाहीत.

ओळखीच्यांची पत्रं लागली तर 'अत्यंत सुस्वभावी व होतकरू तरुण' हा लग्नाच्या स्थळाचा मजकूर नको. केव्हापासून ओळखता, कशात एकत्र होता, त्याने कधी काय केलं, हे लिहा. अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्यांच्या पत्रांना जास्त वजन. सगळ्यात उपयोगी पत्र आमच्या एका वर्गमैत्रिणीचं निघालं. ती तिकडे नागरिक आहे आणि 'सुटल्यावर तो माझ्या घरी, या पत्त्यावर राहील' असं तिने स्पष्ट लिहिलं.

पैसे इथून कसे पाठवायचे?

बँकेतून, दुसरीकडून नाही. हवालावाला स्वस्त पडतो म्हणणारे भेटतील, पण ते फेमाचं, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचं, उल्लंघन आहे आणि वकिलाच्या खात्यात कुठून आले हे न सांगता येणारे पैसे कोणाच्याच कामाचे नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन आणि ए-टू फॉर्म लागतो, आणि वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घ्यायचा कर, कापला जात नाही. कौंटरवर कारण विचारतील तेव्हा वकिलाचं फीचं पत्र पुढे करा, गोष्ट सांगत बसू नका. माझ्याच माजी सहकाऱ्याने मला अर्धा तास गोष्ट विचारली होती.

तो फोन का करत नाही? आम्ही केला तर?

आत फोन करता येत नाही, तोच बाहेर करतो, आणि मिनिटांचे पैसे त्याच्या खात्यात असावे लागतात. अमेरिकेतला एखादा मित्र ते भरू शकतो. फोन अनोळखी नंबरवरून येतो आणि आधी यंत्राचा आवाज ऐकू येतो. हल्ली 'डिजिटल अरेस्ट'च्या भीतीने आपण परदेशी नंबर उचलतच नाही. काकूंनी असे दोन फोन कापले आणि नंतर कळल्यावर दिवसभर जेवल्या नाहीत. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. टेक्सासात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ.

फोन ध्वनिमुद्रित होतात हे गृहीत धरा. सीमा कशी ओलांडली, एजंटला किती दिले, हे फोनवर बोलायचं नाही. वकिलाशी बोलण्याची सोय वेगळी असते.

कोर्टात त्याची भाषा कुठली लिहायची?

मराठी. बडोद्याचा मराठी माणूस भाजीवाल्याशी गुजराती, रिक्षात हिंदी, ऑफिसात इंग्रजी बोलतो, त्यामुळे 'गुजराती चालेल का?' विचारलं की आपण सवयीने 'चालेल' म्हणतो. पण भीती, मारहाण, घरातली भांडणं हे सांगायची वेळ आली की माणूस आईच्या भाषेत जातो, आणि साक्षीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर 'जबाब बदलला' म्हणून नोंद होते. दुभाषा न्यायालय स्वतःच्या खर्चाने देतं. मराठीचा मिळायला वेळ लागला तर लागू द्या.

अमेरिकेतले मित्र त्याला भेटायला जाऊ शकतात का?

ज्यांचे स्वतःचे कागद पक्के आहेत तेच. बाकीच्यांनी त्या इमारतीच्या आसपासही जाऊ नये, कितीही जिवलग असले तरी. ओळखपत्र लागतं, भेटीचे वार ठरलेले असतात.

पेपरात किंवा फेसबुकवर टाकावं का?

वकिलाला विचारल्याशिवाय नाही. आमच्यातल्या एकाने पहिल्याच रात्री 'सेव्ह' वगैरे लिहून फोटो टाकला. सकाळपर्यंत दोघांचे फोन आले होते. एकाने आपण दूतावासातून बोलतोय असं सांगून 'प्रोसेसिंग'चे ऐंशी हजार मागितले. दुसरा म्हणाला आपण तिकडचा अधिकारी, बोलला मात्र शुद्ध हिंदीत. बाँडचे पैसे कोणी अधिकारी फोनवर मागत नाही, आणि गिफ्ट कार्डात तर मुळीच नाही.

तो विमानतळावरच अडवला गेलाय. हेही तसंच का?

नाही, तिथे वेळ फार कमी असतो. पुढच्याच विमानाने परत पाठवतात. अमेरिकेत दोन गोष्टींतला फरक जपायचा : प्रवेशाचा अर्ज मागे घेऊन परत येणं आणि तडकाफडकी डिपोर्ट होणं. दुसऱ्यात पाच वर्षांची बंदी येते. परत येण्यात जिवाला धोका असेल तर त्याने तसं स्पष्ट आणि लगेच सांगावं. नंतर आठवून उपयोग नाही.

फ्रान्समध्ये पद्धत आणखी वेगळी. डिसेंबर २०२३मध्ये निकाराग्वाला निघालेलं ३०३ प्रवाशांचं विमान व्हात्री विमानतळावर अडवलं, त्यात आपल्या गुजरातचे खूप होते. तिथे आधी चार दिवस ठेवता येतं, पुढे न्यायाधीशाची परवानगी लागते. न्यायाधीश विमानतळावरच येऊन बसले होते. २७६ जण २६ तारखेला पहाटे मुंबईत उतरले.

कॅनडा आणि इंग्लंडमध्ये?

कॅनडात घड्याळ ठरलेलं आहे : ४८ तासांत पहिली फेरतपासणी, मग सात दिवसांत, मग दर तीस दिवसांनी. प्रत्येक वेळी नवा पत्ता, नवा हमीदार, नवा कागद पुढे ठेवता येतो, म्हणून पहिल्या वेळी नकार आला तर हातपाय गाळू नका. इंग्लंडमध्ये कोठडीला ठरावीक कमाल मुदतच नाही, पण जामिनाचा अर्ज ट्रिब्युनलकडे करता येतो आणि राहायचा पत्ता तिथे फार मोलाचा. तिथे स्मार्टफोन काढून घेतात आणि कॅमेरा नसलेला साधा फोन देतात, त्यामुळे त्याला तुम्हीही फोन करू शकता.

आखातात अडकला असेल तर?

तिथे बहुतेकदा प्रश्न व्हिसा संपल्याचा, नाहीतर मालकाने 'पळाला' अशी तक्रार केल्याचा; सौदीत त्याला हुरूब म्हणतात. संयुक्त अरब अमिरातीत मुदतीनंतरचा दंड दिवसाला ५० दिरहम आहे, वर्षभर राहिलेल्याचा हिशेब तुम्हीच करा. अधूनमधून माफीची मुदत येते, शेवटची मोठी २०२४च्या सप्टेंबर ते डिसेंबरात आली होती. बँकेचं कर्ज किंवा पोलीस केस आहे का हे आधी शोधा, कारण ती मिटल्याशिवाय दंड भरूनही माणूस बाहेर पडत नाही. खरोखर गरजू असेल तर दूतावासाकडे २००९पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून तिकीट, दंड, वकील याला मदत मिळू शकते. अर्जात 'इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड' हे शब्द लिहा.

स्वतःहून परत येणं बरं की डिपोर्ट होईपर्यंत लढणं?

हे मित्राने ठरवायचं. आम्ही दोन आठवडे फोनवर त्याला लढायला सांगत होतो, आणि तो आत दोनशे माणसांच्या खोलीत दिवे न विझणाऱ्या रात्री काढत होता. कायद्याचं एवढं : न्यायाधीशाच्या आदेशाने डिपोर्ट झालं तर साधारण दहा वर्षं बंदी, परवानगी घेऊन स्वखर्चाने निघालं तर तो आदेश नावावर लागत नाही. मात्र बेकायदा वास्तव्य एक वर्षाच्या वर गेलं असेल तर त्याची दहा वर्षांची बंदी तरीही लागू शकते. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकी लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात ३३ गुजरातचे होते आणि हातापायांत बेड्या होत्या. ते दृश्य टीव्हीवर पाहिल्यापासून स्वतःहून परतण्याबद्दल विचारणारे वाढले.

आमच्या मित्राने शेवटी तेच निवडलं. पासपोर्ट संपलेला होता म्हणून कॉन्सुलेटकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे तोच परतीचा कागद, घ्यायचं ठरलं, आणि त्याच्या पडताळणीसाठी रावपुरा पोलीस ठाण्यातून एक जमादार वाड्यात आले. वाड्यातल्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या. त्यांनी फोटो दाखवून विचारलं, "आ तमारो ज छोकरो?" काकूंनी हो म्हटलं, त्यांना पाणी दिलं आणि मग पोर्चमधल्या सायकलीकडे बोट दाखवून, ती पण त्याचीच आहे, असं मराठीत सांगितलं. जमादारांनी तेही लिहून घेतलं असावं.

परत आल्यावर इथे त्याच्यावर गुन्हा होतो का?

परदेशात व्हिसा संपल्यावर राहिला एवढ्याने भारतात गुन्हा होत नाही. खोटा पासपोर्ट, दुसऱ्याच्या नावावरचा प्रवास, बनावट शिक्के असतील तर मात्र १९६७च्या पासपोर्ट कायद्याखाली होतो, आणि तेव्हा विमान उतरायच्या आधी इथला वकील बघून ठेवा. विमानतळावर चौकशी होते, एजंटचं नाव विचारतात. इमर्जन्सी सर्टिफिकेट एकाच प्रवासापुरतं असतं, पुढे पासपोर्ट नव्याने काढावा लागतो. एजंटविरुद्ध तक्रार करायची असेल तर व्हॉट्सॲपचे संदेश आणि पैसे दिल्याच्या नोंदी पुसू नका. रोख दिले असतील तर कोणासमोर दिले ते लिहून ठेवा.

त्याला घ्यायला अहमदाबादला दोघांनीच जा. आम्ही सात जण हार घेऊन गेलो होतो. तो बाहेर आला तेव्हा हातात एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि बुटांना नाड्या नव्हत्या. एक्सप्रेस वेवर तो गाडीत काहीच बोलला नाही, नडियादच्या पुढे फक्त विचारलं की खिडकी उघडली तर चालेल का.

त्याचं तिकडे राहिलेलं सामान?

रूममेटला महिनाभराची मुदत आणि कुरियरचे पैसे द्या. गाडी असेल तर ती उचलून नेण्याआधी कोणाच्या तरी ताब्यात द्या, रोजचं पार्किंग चढत जातं. बँक खातं त्याने स्वतः ऑनलाइन बंद करावं, आणि तोपर्यंत तिकडचा फोन नंबर चालू ठेवावा, कारण ओटीपी त्याच्यावरच येतो.